छिन्नीचा हात

सर्जनने विचारलं, "कामाचा हात कुठला?" मी म्हणाले, "उजवा."

प्रश्न नवऱ्याला होता. उत्तर मी दिलं. तारापूरच्या एमआयडीसीत औषधांच्या एका कारखान्यात मी बावीस वर्षं पॅकिंगला आहे, आता लाइनची सुपरवायझर. तपासणीला बाहेरची माणसं येतात, प्रश्न विचारतात, आणि विचारलं तेवढ्याचं थोडक्यात, लगेच उत्तर द्यायचं हे आम्हाला शिकवलेलं असतं. तीच सवय मी दवाखान्यात नेली. सर्जन आठवड्यातून एकदाच बोईसरला यायचा, बाहेर बाकांवर पंधरा-सोळा पेशंट ताटकळत होते. त्याने केसपेपरवर 'डावा हात' लिहिलं, भोवती गोल काढला आणि ऑपरेशनची तारीख दिली. कामाचा हात मोकळा ठेवायचा असतो, एवढं म्हणाला. नवरा शर्टाची बाही खाली करत होता. 

त्याच संध्याकाळी चहा द्यायला गेले तेव्हा तो पडवीत त्याच्या बाकड्याशी बसला होता. डाव्या हातात छिन्नी, उजव्या हातात छोटी हातोडी, डोळ्याला भिंग. तेव्हा मला माझं उत्तर आठवलं आणि चूक कळली. दुरुस्त करायची तर पुढच्या आठवड्यात पुन्हा रजा टाकून सर्जनसमोर बसावं लागलं असतं, ऑपरेशनची तारीख गेली असती, आणि डायलिसिससाठी मानेत घातलेली नळी आणखी लांबली असती. मी मनाशी म्हटलं, सुया दंडाला टोचणार, बोटांना काय होणार आहे. चहा ठेवला आणि आत आले.

नवरा डाय बनवतो. समुद्राकडच्या आमच्या गावांत हे काम घराघरांत चालतं, पण बाहेरच्या माणसाला समजावून सांगावं लागतं. पोलादाचा लहानसा ठोकळा घ्यायचा आणि त्यावर दागिन्याची नक्षी उलटी कोरायची. दागिन्यात जे वर येणार ते डायमध्ये खोल. मग सराफांचे कारागीर त्यावर सोन्याचा नाहीतर चांदीचा पत्रा ठेवून दाबतात आणि एकसारखी पानं, फुलं, कोयऱ्या निघत राहतात. आता बरंचसं काम मशीनवर होतं. तरी काही पेढ्या बारीक नक्षी अजून हाताने कोरून मागतात, आणि अशा कामाला माणसं त्याचं घर शोधत यायची.

मी मूळची सांगलीकडची. वडील फिटर म्हणून बोईसरला आले, मी इथेच शिकले, इथेच लग्न झालं, ते किनाऱ्यावरच्या या घरात. पहिलं वर्षभर मला वाटायचं की जो हात हातोडी चालवतो तोच खरा कामाचा. पण शिकायला कोणी आलं की तो पहिल्याच दिवशी सांगायचा, "उजवा नुसता मारतो. बघतो तो डावा." म्हणजे छिन्नीचं टोक पोलादात किती उतरलं, कुठे अडलं, कुठे घसरू पाहतंय, हे डाव्या अंगठ्याला आणि पुढच्या दोन बोटांना आधी कळतं, डोळ्यांना मागाहून. हे वाक्य मी चोवीस वर्षं स्वयंपाकघरातून ऐकत होते. तरीही म्हणाले, उजवा.

त्याला साखर होती, प्रेशर होतं. पाय सुजायचे. दिवसभर बसून काम, म्हणून सुजतात असं तो म्हणायचा, आणि मीही तेच धरून चालले. मग एका आठवड्यात जेवण तुटलं, उलट्या सुरू झाल्या, धाप लागायला लागली. बोईसरला रक्त तपासलं आणि त्याच दुपारी मानेत नळी घालून पहिलं डायलिसिस झालं. दोन्ही किडन्या गेल्या होत्या. आठवड्यातून तीन दिवस, चार-चार तास, कायमचं. मी जनरल शिफ्ट सोडून सेकंड शिफ्ट मागून घेतली. सकाळी त्याच्याबरोबर सेंटरवर, दुपारी त्याला गावाच्या रिक्षात बसवायचं आणि मी कारखान्याच्या गेटवर.

सेंटर म्हणजे एक लांबट हॉल, सहा खुर्च्या, सहा मशीनं आणि एक सिस्टर. सिस्टर विक्रमगडकडची, तिशीची, बोलायला फटकळ. मशीन काय करतं ते मला लवकर समजलं. खरी अडचण रक्त बाहेर काढायच्या वाटेची असते, हे समजायला वेळ लागला. साध्या शिरेतून एवढं रक्त एवढ्या वेगाने निघत नाही. मानेतल्या नळीतून निघतं, पण तिचं टोक थेट हृदयाच्या तोंडाशी गेलेलं असतं. तिच्यातून जंतू शिरला की हुडहुडी भरून ताप. आम्हाला पहिल्या दोन महिन्यांत दोनदा आला. मशीन सुरू होऊन अर्धा तास झाला की माणूस खुर्चीसकट हलायला लागायचा. म्हणून फिस्टुला करतात. हातातली धमनी आणि शीर शिवून एकमेकींना जोडतात. धमनीचा जोर शिरेत येतो, शीर फुगते, जाड होते, आणि दीड-दोन महिन्यांनी तिच्यात त्या जाड सुया टोचता येतात.

"काकी, मानेतली नळी ही भाड्याची खोली," सिस्टर म्हणाली. "फिस्टुला म्हणजे स्वतःचं घर. बांधायला वेळ लागतो, पण एकदा झालं की जपायचं. माणसाच्या अंगावर प्लॉट थोडेच असतात."

किती थोडे असतात ते शेजारच्या खुर्चीवर दिसत होतं. तिथे डोंगराकडचा एक म्हातारा असायचा, जव्हारच्याही पलीकडून येणारा. त्याच्या डाव्या हाताचा फिस्टुला चांगला चालला होता. लावणीच्या दिवसांत त्याने भाताच्या रोपांच्या जुड्या त्याच कोपरात आवळून वाहिल्या, आणि तिसऱ्या दिवशी फिस्टुला बंद. मग उजव्या हाताला केला. उजव्याला सुया लावलेल्या, म्हणून त्याची बायको त्याला भरवायची. तिसऱ्या तासाला सगळ्यांनाच भूक लागते. तेव्हा ती पिशवीतून भाकरी काढायची, तुकडा मोडायची आणि त्याच्या तोंडाशी धरायची. तो डोळे मिटून तोंड उघडायचा. डावा हात मोकळा होता, पण डाव्या हाताने कोण जेवतं. माझा नवरा ते बघायचा आणि मान फिरवायचा. मला वाटायचं, त्याला कीव येते.

म्हाताऱ्याचा उजवाही पुढे बंद पडला. मांडीत नळी घातली, ती पिकली. एका मंगळवारी गेलो तर त्या खुर्चीवर दुसराच माणूस. मी सिस्टरकडे बघितलं. ती सुयांचा ट्रे लावत होती. "बाबांच्या जागा संपल्या," एवढंच म्हणाली.

फिस्टुला मनगटापाशी झाला तर बरा असतो. नवऱ्याच्या डाव्या मनगटाला सोनोग्राफीत धड शीरच सापडली नाही. त्याचं कारणही आमच्या घरातलंच. गावात अंग मोडून आलं, ताप आला, की दवाखान्यात जाऊन सलाईन लावून घ्यायचं, त्याशिवाय औषध झाल्यासारखं वाटत नाही. आणि सलाईन नेहमी डाव्या हाताला, कारण उजवा जेवायचा. वर्षानुवर्षं टोचून टोचून शिरा वाळल्या दोऱ्यासारख्या झाल्या होत्या. म्हणून कोपरापाशी करावा लागला. कोपराचा फिस्टुला जोरात चालतो, असं सर्जन म्हणाला होता. तो तसाच चालला.

ऑपरेशन झालं, जागेपणीच, हात बधिर करून. दुसऱ्या दिवशी सिस्टरने माझी दोन बोटं धरून टाक्यांच्या वर ठेवली. कातडीखाली काहीतरी सतत घुरघुरत होतं. शेजारच्या घरात मिक्सर चालू असताना आपल्या भिंतीला हात लावला तर लागतं, तसं. रोज सकाळ-संध्याकाळ हे बघायचं, ती म्हणाली, आणि थांबलं तर त्याच क्षणी फोन करायचा, उद्यावर टाकायचं नाही. मग यादी सांगितली. त्या हाताला प्रेशरचा पट्टा नाही, इंजेक्शन नाही, घड्याळ नाही, दोरा नाही, वजन नाही, त्या कुशीवर झोप नाही. मी ती कागदावर लिहून कपाटाच्या दाराला चिकटवली. शिवाय कुठल्याही डॉक्टरकडे जायचं असलं की निघताना त्याच्या डाव्या दंडावर मार्करने लिहायचे, या हाताचं प्रेशर घेऊ नये.

"सिस्टर, बघा," तो म्हणाला, "पॅकिंगवालीशी लगीन केलं की असं व्हतं. लेबल लावलं मला."

"एक्सपायरी डेट टाकली का, काका?"

"ती तुमी टाका. तुमच्याकडं रिपोर्ट हाय."

हॉलमधले दोघे-तिघे हसले. मीही हसले.

त्याची बहीण केळव्याला दिली आहे. ती भेटायला येताना शहाळी घेऊन यायची. आजारी माणसाला शहाळं न्यायचं, हे इकडे ठरलेलं. त्यातलं पोटॅशियम किडनीच्या माणसाला विष. मी तिला तीनदा समजावलं. चौथ्यांदा आणली तेव्हा तिच्यासमोर बसून दोन्ही शहाळी मीच प्यायले. तेव्हापासून ती रिकाम्या हाताने येते आणि माझ्याशी कमी बोलते.

शीर फुगावी म्हणून दोन महिने तो हातात रबरी चेंडू दाबत बसला. मग हाताला सुया सुरू झाल्या आणि मानेतली नळी निघाली. तिची जखम भरल्यावर एका रविवारी त्याने डोक्यावरून तांब्या-तांब्याने पाणी घेतलं. नळी असताना मान भिजवायची सोय नव्हती, चार महिने मी ओल्या फडक्याने त्याचं डोकं पुसत होते. बाहेर येऊन तो टॉवेल गुंडाळून उन्हात बसला, पार केस वाळेपर्यंत. त्या सगळ्या आजारपणातला तेवढा एक दिवस मला चांगला म्हणून आठवतो.

मग त्याने काम वाढवलं. डायलिसिस नसेल त्या दिवशी सकाळपासून बाकड्यावर. जुन्या ओळखीच्या एका पेढीचं कोयरीचं काम त्याने घेतलं होतं. कोयरीत वेल, वेलीला पानं, पानांना केसाएवढ्या रेघा. असं काम आता करणारे फार उरलेले नाहीत. ते पुरं करायचं त्याने मनावर घेतलं होतं. घराला रंग द्यायचा, भाच्याच्या घरी जायचं, काहीही निघालं की म्हणायचा, एवढी कोयरी होऊ दे.

मला शंका आली ती आवाजावरून. त्याची हातोडी ठरलेल्या लयीत चालते. पाच-सहा ठोके, मग थांबून फुंकर, मग पुन्हा पाच-सहा. आता ती मध्येच थांबायची आणि बराच वेळ काहीच ऐकू यायचं नाही. एकदा डोकावले तर तो डावा हात काखेत घालून बसला होता. मुंग्या आल्यात, म्हणाला. छिन्नीला त्याने सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळला होता, धरायला जाड व्हावी म्हणून. शिकाऊ माणसं करतात तसं. त्याच्या छिन्नीला मी ते कधी पाहिलं नव्हतं.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी चहाच्या तापलेल्या पातेल्याला त्याचं बोट टेकलं आणि त्याला कळलं नाही. फोड आलेला मी पाहिला. हात हातात घेतला. मे महिना, अंगातून घामाच्या धारा, आणि तो हात फ्रिजमधून काढल्यासारखा गार. नखं पांढरी. उजवा हात नेहमीसारखा गरम. आणि डाव्या कोपरापाशी ते घुरघुरणं अगदी जोरात चालू.

सिस्टरने मशीन लावायच्या आधी त्याचे दोन्ही हात शेजारी-शेजारी ठेवून पाहिले. "काका, किती दिवस झाले गार पडायला?"

"सुया लागल्या तवापासून."

"आणि सांगितलं का नाही?"

"तुमीच म्हणालात, घर हाय, जपा."

सिस्टरने त्याचा हात अलगद खाली ठेवला. मग तिने मला बाजूला नेऊन समजावलं. धमनीतलं रक्त जोडलेल्या शिरेच्या सोप्या वाटेने परत फिरतं आणि खाली बोटांपर्यंत पोचतच नाही. कोपराच्या फिस्टुलात असं होऊ शकतं, साखरेच्या माणसांना जास्त. हात स्वतःच्याच फिस्टुलाने उपाशी राहतो.

सर्जनने आधी फिस्टुला थोडा आवळून पाहिला. त्यात दोन्हीकडून धोका असतो. कमी आवळला तर हाताला फरक पडत नाही, जास्त आवळला तर फिस्टुलाच बंद पडतो. दोन आठवडे हात कोमट झाला, आम्हाला वाटलं निभावलं. मग अंगठ्याशेजारच्या बोटाचं टोक, जिथे फोड आला होता तिथलं, निळं पडलं आणि नंतर काळं. सर्जन म्हणाला, आता दोनच गोष्टी. फिस्टुला ठेवायचा तर बोटं जातील, किती जातील ते आत्ता सांगता येणार नाही. बंद करायचा तर हात वाचेल, पण सुयांची जागा जाईल. पुन्हा मानेत नळी, आणि उजव्या हाताला नवीन फिस्टुला, तो लागेलच असं नाही. परवापर्यंत कळवा, त्याहून उशीर नको.

घरी आलो. मी त्या दिवशी कारखान्यात गेले नाही. दुपारी तो पडवीत बाकड्याशी बसला होता, काम न करता, नुसता भिंगाची काच पुसत. कोयरीचा ठोकळा समोर होता. तीन पानं कोरलेली, पुढची वेल पेन्सिलने आखलेली. मी जाऊन पायरीवर बसले. आठ महिने जे मनात होतं ते बोलून टाकलं.

"त्या दिवशी उत्तर मी चुकीचं दिलं. तुमचा कामाचा हात डावा. मला त्याच संध्याकाळी कळलं होतं, आणि मी परत जाऊन सांगितलं नाही."

तो काच पुसत राहिला. "तू चुकली नायस. मी पण उजवाच सांगणार व्हतो."

"का?"

"उजव्याला सुया लावल्या असत्या तर चार तास जेवणार कसा? त्या बाबासारका? सगळ्यांच्या देखत तू भरवणार?"

 खरं सांगायचं तर मला राग आला. ज्या हाताच्या जोरावर हे घर उभं राहिलं तो हात त्याने सुयांखाली दिला, आठवड्यातल्या तीन डब्यांसाठी. बोटांचं असं होऊ शकतं हे आम्हा दोघांनाही माहीत नव्हतं. ते खरं आहे. पण माहीत असतं तरी त्याने काय केलं असतं, याची मला खात्री वाटेना.

"मी भरवलं असतं तर माझं काय झिजणार होतं?" मी विचारलं.

"तू भरवलं असतंस गो. माझ्या घशाखाली उतरलं नसतं."

 त्या दिवशी वारा एमआयडीसीकडून होता, नाकात कारखान्यांचा आंबूस वास बसलेला. त्याने ठोकळा उचलला, उजवा अंगठा कोरलेल्या पानांवरून फिरवला. मग डावा फिरवला. मग ठेवून दिला.

दुसऱ्या दिवशी सर्जन पालघरला होता, आम्ही तिथे गेलो. त्याने कागद चाळले. आमचा चेहरा त्याच्या लक्षात असायचं कारण नव्हतं. त्याने पुन्हा तोच प्रश्न विचारला, कामाचा हात कुठला. मी तोंड घट्ट मिटून बसले.

"डावा," नवरा म्हणाला. "तो सोडवा. जेवायचं बघू."

फिस्टुला बंद केल्यावर त्याच रात्रीपर्यंत हात गरम झाला. काळं पडलेलं टोक महिन्याभराने गळालं. उरलेल्या बोटावर कडक, गुळगुळीत कातडी धरली. मानेत पुन्हा नळी होतीच, पुन्हा एकदा थंडी-ताप झाला, त्यात पाच दिवस ॲडमिट. उजव्या हाताचा फिस्टुला केला तेव्हा सर्जनने तो जरा लहान ठेवला. मग पुन्हा चेंडू, पुन्हा दोन महिने. मी रोज सकाळी उठून आधी त्याच्या उजव्या बोटांना हात लावायचे, मग कोपराला. बोटं गरम असायची. कोपर घुरघुरायचं, पहिल्याएवढं जोरात नाही, पण घुरघुरायचं.

नळी निघायच्या आधी एका सकाळी हातोडी वाजली. मी चपात्या लाटत होते, हात थांबवला. पाच-सहा ठोके, फुंकर, पुन्हा पाच-सहा. लय बरोबर होती. अर्ध्या तासाने थांबली. मी गेले नाही. तोच ठोकळा घेऊन आत आला आणि खिडकीशी धरून मला म्हणाला, "बघ."

मला कोयरी दिसली, चौथं पान दिसलं. छान आहे म्हणाले.

त्याने ठोकळा थोडा तिरका केला. पानातून एक रेघ बाहेर गेली होती, वेल ओलांडून. इतकी बारीक, की त्याने दाखवली नसती तर मला सापडली नसती. "गेली ती कळलीच नाय," तो म्हणाला. "आदी बोटाला कळायचं. आता भिंगातून बघितलं तवा कळलं."

पोलादातली रेघ बुजवता येत नाही. ठोकळ्याला तेलाचं फडकं गुंडाळून त्याने पेढीला परत पाठवला, बरोबर चिठ्ठी, की दुसऱ्याकडून करून घ्या. छिन्न्यांचा डबा अजून बाकड्याखाली आहे. आता तो इतरांचे ठोकळे घासून सपाट करून देतो, जेवढं जमेल तेवढं. गावातली माणसं आणून टाकतात. त्या कामाला बघणारा हात लागत नाही.

उजव्याला सुया लागल्या त्या पहिल्या दिवशी मी डबा घेऊन खुर्चीशेजारी स्टूल ओढलं. तिसरा तास होता. चपातीचा घास मोडला, त्यात भाजी धरली आणि हात पुढे केला. समोरच्या खुर्चीवर यूपीचा एक माणूस असतो, पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. त्याने मोबाइलमधून मान वर केली आणि लगेच खाली घातली. नवऱ्याने तोंड उघडलं नाही.

"दे इकडं," तो म्हणाला आणि डावा हात पुढे केला.

आमच्या घरात लहान मुलाने ताटात डावा हात घातला तर हातावर चापट बसते. त्यालाही बसलेली असणार. त्याने घास घेतला. अंगठा आणि ते आखूड बोट, दोघांमध्ये घास किती दाबायचा ते कळेना. अर्धी भाजी शर्टावर पडली. त्याने तोंड भिंतीकडे केलं, उरलेला घास खाल्ला आणि पुन्हा हात मागे माझ्याकडे केला.

आठवड्यातून तीन दिवस तो आता तसा जेवतो. त्या दिवसांना मी भात देत नाही, रस्सा देत नाही. भाजी दोनदा पाणी बदलून उकळते, कोरडी परतते, चपातीत घट्ट गुंडाळते आणि गुंडाळीचे चार तुकडे करते, धरायला जाड व्हावेत असे. तो भिंतीकडे तोंड करून खातो. एखादा तुकडा बोटांतून निसटून खुर्चीखाली गेला तर मी उचलत नाही. मशीन बंद होऊन तो बाथरूमला गेला की उचलते.